मिस कोराचा हात

ऑलिअँडर रस्ता शाळेच्या कोपऱ्याला मिळतो तिथे थांबण्यासाठी आखलेली पांढरी रेघ सगळीकडे सारखी झिजलेली नाही. माणसं चालवतात त्या गाड्यांनी ती ऐसपैस झिजवली आहे. कोणाचं चाक जरा डावीकडून जातं, कोणाचं उजवीकडून, त्यामुळे रंग एकूणच भुरकट झाला आहे. पण त्या भुरकटपणात वाकून पाहिलं तर दोन अरुंद काळ्या रेषा दिसतात. त्यांची रुंदी एका चाकाइतकी, बोटभरही जास्त नाही. एका कंपनीच्या बिनचालकाच्या गाड्या दिवसभर इथून जातात आणि प्रत्येक गाडी आधीच्या गाडीच्या मापावरून जाते. या रेषांवर रबराचा डाग दोन जागी अधिक गडद आहे. एक डाग पांढऱ्या रेघेच्या अलीकडे, जिथे गाडी थांबून पुन्हा निघते तिथे. दुसरा रेघेच्या पलीकडे, मुलं रस्ता ओलांडतात त्या पिवळ्या पट्ट्यांवर.

दुसरा डाग तिथे असायला नको होता.

सार्जंट मारिबेल ओसोरियो त्या डागापाशी उकिडवी बसून टेप लावत होती. धुकं नुकतंच वर सरकलं होतं. शाळा सुटायला अजून वेळ होता आणि रस्त्यावर कोणी नव्हतं.

"रस्त्याचं माप घेतेस का शिंप्यासारखं?" मागून आवाज आला.

"हो. बाह्या लांब झाल्यात त्याच्या," मारिबेल वळून न बघता म्हणाली.

मिस कोराने घडीची खुर्ची फुटपाथवर उघडली, आल्याच्या चहाचा थर्मास खुर्चीखाली ठेवला आणि हातातली 'थांबा' लिहिलेली लाल पाटी कुंपणाला टेकवली. शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या या गार्डचं पूर्ण नाव कोरासोन मकाराएग, पण लोमा सेरेना गावात त्या नावाने तिला कोणी हाक मारत नाही. मारिबेल पहिलीत होती तेव्हाही हाच कोपरा आणि हेच नारिंगी जाकीट होतं. फक्त जाकीट तेव्हा तिला घट्ट बसायचं.

"सांगितलं ना तुला. मी हात केला नाही."

"मी विचारलं नाही, मिस कोरा."

"तोंडावर लिहिलंय तुझ्या."

मारिबेलने टेप गुंडाळली. "तोंड जाऊ दे. मागच्या आठवड्यात इथे एका मुलीचा घोटा मोडला. मी काय झालं ते बघतेय."

"काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. फ्रिज तिच्या पायावर चढला." मिस कोरा खुर्चीत बसली आणि समोर बघत राहिली. "तू माझ्या हाताखालून रस्ता ओलांडून मोठी झालीस. आता माझाच हात मोजतेस."

मारिबेलने टेप खिशात टाकली. ती गाडीत जाऊन बसली.

गावात त्या गाड्यांना फ्रिज म्हणत. पांढऱ्या, गुळगुळीत, आत माणूस नाही, आणि रस्त्याच्या मध्येच उभ्या राहून घुं करत बसायची सवय. त्या आवडणारं गावात कोणी नव्हतं. मुलं त्यांच्या बॉनेटवर रस्त्यावरचे नारिंगी कोन ठेवायची, कारण कोन ठेवला की त्या जागच्या जागी गोठत. कोणीतरी एकीच्या डोक्यावरच्या फिरत्या डोळ्याला मक्याची पोळी चिकटवली होती, ती आठवडाभर तशीच हिंडत होती. पोलिसांना त्यांचं काहीच करता येत नव्हतं. दंडाची पावती चालकाला द्यायची आणि चालकाने तिच्यावर सही करायची, असा कायदा. चालकच नाही तर पावती कोणाला? ठाण्यात त्यावर विनोद चालत. "फुंकर मारायला लाव तिला, पिऊन चालवतेय का बघ." "हातकड्या कुठे घालू, आरशाला?"

जुलैपासून कायदा बदलला. आता पोलिसाने पाहिलेल्या किंवा तपासात सिद्ध झालेल्या चुकीची नोटीस कंपनीच्या नावाने निघते. ती राज्याच्या वाहन खात्याकडे जाते आणि गाड्या रस्त्यावर ठेवायच्या की नाहीत हे खातं ठरवतं. लोमा सेरेनाच्या पोलिसांनी अजून एकही नोटीस काढली नव्हती. पहिली कोण काढतो यावर ठाण्यात पैज लागली होती. आणि पहिली काढण्याजोगं कारण मारिबेलच्या हातात होतं, तरी ती काढत नव्हती.

कारण मिस कोराने हात केला होता.

तो हात गावाला ठाऊक होता. शाळा सुटली की मिस कोरा पाटी उंच धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहते. मुलं तिच्या पुढून जातात. रस्त्याचा एक अर्धा मोकळा झाला की ती डाव्या हाताची दोन बोटं हलवते, आणि त्या बाजूच्या गाड्या हळूच निघतात. नियमात हे बसत नाही. गार्डने गाड्या थांबवायच्या असतात, सोडायच्या नसतात. ती फुटपाथवर परत येईपर्यंत एकही चाक हलायचं नसतं. पण नियम पाळला असता तर ऑलिअँडर रस्ता समुद्रापर्यंत तुंबला असता. म्हणून तिने बोटं हलवावी, लोकांनी निघताना तिला मान तुकवावी, आणि कोणी बोलू नये, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

फ्रिज आले तेव्हा पंचाईत झाली. त्यांना ती दोन बोटं कळेनात. पाटी वर आहे तोवर ते थांबून राहत, आणि त्यांच्यामागे सगळं गाव. नगरसभेत लोकांनी आरडाओरडा केला. अर्ज गेले, फोन गेले. "मिस कोरा हात करते ते बावळटाला कळतं, तुमच्या दीडशहाण्या गाडीला कळत नाही?" असं माइकवर उभं राहून विचारणाऱ्यांत बेकरीवाली आरासेली होती, नळदुरुस्तीवाला गिल फोन्सेका होता, निम्मी शाळा होती. कंपनीने सुधारणा करू म्हटलं आणि केली. पुढच्याच महिन्यात फ्रिज मिस कोराच्या बोटांवर निघायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी तिला चॉकलेटचा डबा दिला, वर लिहून: गाडीलाही वळण लावलंत.

मागच्या आठवड्यात रस्त्याचा अर्धा भाग मोकळा झाला, मिस कोराची बोटं हलली, आणि त्याच वेळी आरासेलीची मुलगी इट्झेल पडलेला डबा उचलायला मागे वळून गाडीच्या नाकाखाली वाकली. माणूस असता तर त्याने हात पाहिला असता आणि मग मुलीकडेही पाहिलं असतं. गाडी निघाली.

*

कंपनीचा माणूस ठाण्यात आला तो स्वतःचं पाणी घेऊन. कॉलिन रास्मुसेन नाव. पोलिसांशी आणि नगरपालिकांशी बोलणं हेच त्याचं काम होतं, आणि ते त्याला येत होतं. त्याने स्क्रीन मारिबेलकडे वळवली.

गाडीच्या डोळ्यातून कोपरा दिसत होता. नारिंगी जाकीट, लाल पाटी, डावा हात. दोन बोटं, दोनदा. मग चित्र किंचित पुढे सरकलं आणि एका मुलाचं तोंड ओरडण्यासाठी उघडलं. आवाज नव्हता.

"पुन्हा दाखवू?" रास्मुसेनने विचारलं.

"नको."

"आम्हाला त्या बाईंना त्रास द्यायचा नाही, सार्जंट. सगळं गाव त्यांना मानतं, हे आम्हाला माहीत आहे."

"मग नका देऊ."

"ते तुमच्या हातात आहे."

मारिबेलने खुर्ची मागे घेतली. "स्पष्ट बोला. मला ठाण्यात बसून कोडी सोडवायला पगार मिळत नाही."

"तुम्ही नोटीस काढलीत तर खातं आम्हाला विचारेल. आम्हाला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर म्हणजे हे." त्याने स्क्रीनवर नख वाजवलं. "हे एकदा खात्याकडे गेलं की वर्तमानपत्राकडे जायला वेळ लागत नाही. लोकांना काय दिसेल? एक म्हातारी गाडीला मुलीच्या अंगावर जायला सांगतेय. बाकी कोणी वाचत नाही."

"तुमच्या गाड्या रोज पिवळ्या पट्ट्यांवर येऊन थांबतात. रोज. डांबरावर डाग पडलाय. गार्ड रस्त्यात असताना तिथे चाक येताच कामा नये."

"डांबराची साक्ष चालत नाही."

"तुमच्या गाडीपेक्षा बरी चालेल. डांबराला कोणी पढवलेलं नसतं."

रास्मुसेन हसला नाही. "आम्ही गाडीला तेच शिकवलं जे तुमच्या गावाने मागितलं. तुमच्याच नगरसभेत. त्याचंही चित्रीकरण आहे आमच्याकडे."

"असणारच. तुमच्याकडे सगळं असतं, फक्त चालक नसतो."

"सार्जंट, मी भांडायला आलो नाही."

"मग पाणी घेऊन कशाला आलात? बराच वेळ बसायचा बेत दिसतोय."

त्याने बाटलीचं झाकण लावलं, सावकाश. "नोटीस नाही निघाली तर या चित्रीकरणाची कोणाला गरज पडणार नाही. मुलीच्या उपचाराचं आम्ही बघू. कोपऱ्याचंही बघू, आमच्या पातळीवर."

"कधी?"

"योग्य वेळी."

"म्हणजे पुढचा घोटा मोडल्यावर."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "त्या बाईंनी तुम्हाला काय सांगितलंय? हात केला, की नाही केला?"

मारिबेलने मान खाली घालून समोरचे कागद सारखे केले. त्याला ते पुरलं.

तो गेल्यावर चीफने खोलीत डोकं घातलं. "तुझी केस आहे, तूच ठरव. पण ठरव. या आठवड्यात."

"ठरवते."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणालीस."

*

आरासेलीच्या बेकरीत दुपारी गर्दी नसते. काउंटरमागे उंच स्टुलावर इट्झेल बसली होती, प्लास्टरातला पाय पिठाच्या रिकाम्या बादलीवर ठेवून. प्लास्टरवर वर्गातल्या सगळ्यांनी नावं लिहिली होती.

"काय देऊ?" आरासेलीने चिमटा ट्रेवर आपटला. "की नुसतंच बघायला आलीस?"

"इट्झेलला बघायला आले."

"पाय मोडलाय. बघितलास? आता जा आणि बाकीचं काम कर."

"तेच करतेय."

"करतेस? माझा नवरा त्याच कोपऱ्यावर नीट न थांबता पुढे गेला होता. आठवतं? चाक हललं न हललं तोच पावती हातात ठेवलीस. 'कायदा सगळ्यांना सारखा' म्हणालीस, वर हसलीस पण. आणि त्या फ्रिजने माझ्या पोरीचा पाय चिरडला तर तू टेप घेऊन हिंडतेस. सारखा म्हणे!"

"आरासेली, नोटीस काढायची तर सगळं लिहावं लागतं. कोण कुठे होतं, कोणी काय केलं."

"मग लिही. पोर पट्ट्यांवर होती. गाडी तिच्यावर आली. झालं. दोन ओळी. शाळेत गेलीयेस ना?"

"मिस कोरांनी हात केला होता," इट्झेल म्हणाली.

आरासेलीचा चिमटा हवेतच राहिला.

"नेहमीसारखा," इट्झेल पुढे म्हणाली. "पप्पांना करतात तसा."

"तू खाली वाकली होतीस. तुला काय दिसणार?"

"सावली दिसली. रस्त्यावर. दोन बोटांची."

आरासेलीने मुलीच्या हातात एक गोड पाव दिला, तिने मागितला नव्हता तरी. मग काउंटरवर दोन्ही हात टेकून ती मारिबेलच्या तोंडाजवळ आली आणि खालच्या आवाजात बोलली.

"हे तू लिहिणार नाहीस. ऐकलंस? ती बाई आमच्या दारावर येऊन रडून गेली. म्हणाली, मी हात केला नाही. खोटं बोलत होती हे मला कळत नाही का? मी पण त्या हातावरच गाडी काढते रोज. पण गावातल्या एका पोराला तिने कधी खरचटू दिलं नाही. तिला कोपऱ्यावरून हाकललं आणि पेपरात नाव छापलं, तर माझ्या दुकानात पाय ठेवू नकोस."

"आणि नोटीस नाही काढली तर?"

"तरी ठेवू नकोस."

मारिबेल बाहेर आली. काचेतून तिला दिसलं, आरासेली मुलीला काहीतरी बजावत होती, आणि मुलगी पाव चावत मान हलवत होती. होकारार्थी की नकारार्थी ते काचेवरच्या अक्षरांमुळे कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटण्याआधी ती पुन्हा कोपऱ्यावर गेली. गाडी कुंपणाला लावून खुर्चीशेजारी उभी राहिली. मिस कोराने थर्मास उघडला, स्वतःपुरता चहा ओतला आणि बंद केला. एरवी ती विचारायची.

"एवढंच सांगा," मारिबेल म्हणाली. "हात केला होता का? पुढचं मी निभावते."

"काय निभावणार? मला घरी बसवतील. तू तिथे कागद घेऊन उभी राहशील आणि म्हणशील, सॉरी मिस कोरा."

"कंपनीकडे चित्रीकरण आहे. मी पाहिलंय."

मिस कोराचा कप ओठांपाशी थांबला. तिने तो तसाच खाली घेतला आणि चहा गवतावर ओतून टाकला.

"मग मला कशाला विचारतेस? मजा येते?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"माझ्या तोंडून ऐक मग. मी हात केला नाही." ती उठली. पाटी उचलली, डावा हात जाकिटाच्या खिशात घातला, आणि खिशाच्या कापडातून मूठ वळलेली दिसली. "आणि आता हा हात इथून बाहेर येणार नाही. गाव तुंबू दे. तुझ्याकडे येऊ दे सगळे."

घंटा झाली.

पहिल्यांदा मोठी मुलं आली, ढकलाढकली करत. मग मधली. मिस कोरा पाटी उंचावून मधोमध उभी होती, डावा हात खिशात. ऑलिअँडर रस्त्यावरून एक फ्रिज आला आणि पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबला, पहिल्या डागावर. त्याच्यामागे गिल फोन्सेकाचा पिकअप, नळदुरुस्तीच्या पाइपांनी भरलेला. त्याच्यामागे आणखी गाड्या. रस्त्याचा फ्रिजच्या बाजूचा अर्धा मोकळा झाला. नेहमी याच वेळी बोटं हलायची.

ती हलली नाहीत.

गिलने हॉर्न दाबला. मग मागच्याने दाबला. मग सगळ्यांनी.

"मिस कोरा!" गिलने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "आज झोप लागली का उभ्या उभ्या? करा की हात! एका घरात पाणी गुडघ्याला लागलंय!"

"पोहून जा!" मिस कोरा ओरडली.

"अहो, बाई, माझं काय चुकलं? या फ्रिजला हाकला आणि मला जाऊ द्या!"

शाळेच्या दारातून बालवर्ग निघाला. सगळ्यांत शेवटी सोडतात त्यांना. लांब दोरी, तिला रंगीत कड्या, आणि प्रत्येक कडीला एक पोर. दोरीचं पुढचं टोक धरून त्यांच्या बाई उलट्या चालत होत्या. हॉर्न चालूच होते. दोरी अलीकडच्या फुटपाथवरून उतरली आणि मिस कोराच्या पुढून, फ्रिजच्या समोरच्या अर्ध्यातून पलीकडे सरकू लागली. पहिली पोरं फुटपाथवर चढली. शेवटची तीन अजून फ्रिजसमोरच होती, आणि त्यातल्या एकाला आपली कडी दुसऱ्या हातात घ्यायची होती.

"मिस कोरा!" गिल पुन्हा ओरडला, हॉर्नवर हात ठेवून.

मारिबेलने पाहिलं: मिस कोराने गिलकडे वैतागून तोंड वळवलं, आणि तिचा डावा हात खिशातून बाहेर आला. तिने तो काढला असं म्हणता येणार नाही. इतकी वर्षं तो या क्षणी बाहेर येत आला होता, तसा आला. दोन बोटं हलली. एकदाच, अर्धवट, थांब जरा किंवा जा एकदाचा असं काहीतरी. तिला ते फ्रिजला म्हणायचं नव्हतं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

फ्रिज निघाला.

मारिबेल धावली आणि दोन्ही तळवे बॉनेटवर आपटून त्याच्या पुढ्यात उभी राहिली. गाडी पिवळ्या पट्ट्यांवर थांबली. पुढचं चाक बरोबर दुसऱ्या डागावर होतं. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर शेवटचं पोर कडी धरून उभं होतं आणि पोलिसाचा पट्टा न्याहाळत होतं.

हॉर्न बंद झाले. बाईंनी दोरी ओढून पोरांना फुटपाथवर घेतलं. मिस कोरा पाटी तशीच उंच धरून उभी होती. डावा हात पुन्हा खिशात गेला होता.

गाडीची खिडकी आपोआप खाली आली आणि आतून, रिकाम्या सीटवरून, एक बाईचा शांत आवाज आला.

"नमस्कार. मी कंपनीच्या मदत केंद्रातून निया बोलतेय. सर्व ठीक आहे ना? आपण गाडीसमोरून बाजूला होऊ शकाल का?"

"नाही," मारिबेल म्हणाली.

"आपण पोलिस अधिकारी आहात का?"

"तुमच्या गाडीला डोळे आहेत ना? बघा."

"हो, सार्जंट. मला दिसतंय. आमच्या नोंदीनुसार क्रॉसिंग गार्डने पुढे जाण्याची खूण केली. त्यानुसार गाडी निघाली. आपण याला दुजोरा देता का?"

गिल पिकअपमधून उतरून आला होता. "कसली खूण? मी मागेच होतो. काही खूण नव्हती."

"नव्हती!" फुटपाथवरून एक आई म्हणाली.

"काही नव्हतं! गाडी आपली आपण निघाली!"

"लिहून घ्या, बाई, नव्हती!"

बालवर्गाच्या बाई पोरांची डोकी मोजत होत्या.

"सार्जंट?" निया म्हणाली. "मला आपलं उत्तर हवं आहे. आपण दुजोरा देता का?"

मारिबेलने मिस कोराकडे पाहिलं. मिस कोराने मान अगदी थोडी हलवली, डावीकडून उजवीकडे. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. अशाच नजरेने ती पूर्वी रस्त्यात उडी मारणाऱ्या पोरांना जागच्या जागी थांबवायची, आणि मारिबेलही एकदा अशीच थांबली होती.

"हे सगळं रेकॉर्ड होतंय ना?" मारिबेलने विचारलं.

"हो, सार्जंट."

"रास्मुसेनसाहेब ऐकतील?"

"संबंधित विभागाकडे जाईल."

"मग नीट जाऊ द्या." तिने तळवे बॉनेटवरून काढले, पण ती जागची हलली नाही. "मी लोमा सेरेना पोलिसांची सार्जंट मारिबेल ओसोरियो. हो, गार्डने हात केला. आत्ता केला, आणि इट्झेलचा पाय मोडला त्या दिवशीही केला. तुमचं चित्रीकरण तुमच्याकडेच ठेवा, मी स्वतःच तसं लिहून देतेय. आणि हेही लिहितेय, की पाटी वर आहे आणि गार्ड रस्त्यात आहे तोवर गाडीने रेघेच्या अलीकडे थांबायचं, मग हात कोणीही करो. नोटीस देतेय मी. दोन्ही दिवसांची, कंपनीच्या नावाने."